रावणानं धनुष्य मोडलं तर?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे २७ वर्षांचे आहेत, सांगलीत विश्रामबागेत राहतात, नोकरी घरूनच करतात. सव्वा वर्ष झालं, दर रविवारी दुपारी त्यांच्या माडीवरच्या खोलीत मित्रमंडळी जमते आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. समोर काय आहे ते डीएम सांगतो, आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतो, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकतात. पट लागतोच असं नाही, सगळा खेळ बोलण्यावर चालतो.

पत्रलेखक डीएम आहेत. घाटमाथ्यावरचं एक काल्पनिक राज्य, सात किल्ले, कैदेत पडलेली राणी आणि काळोजी नावाचा फितूर सरदार अशी ९० पानांची कथा त्यांनी लिहून काढली आहे. शेवट ठरलेला आहे: सातव्या किल्ल्यावर काळोजीशी लढाई. पण दिवाळीच्या सुमाराला खेळाडूंनी काळोजीला नदीत गाठलं. पत्रलेखकांचा आतेभाऊ म्हणाला, “मी नावेचा दोर कापतो.” फासा पडला वीस. चिलखतासकट काळोजी पुरात गेला. दोन रविवारांनी तो परत आला, कोळ्यांनी वाचवला म्हणून. कुणी काही बोललं नाही.

मग गेल्या महिन्यात किल्ल्याकडं घाटानं जायचं की नदीनं, यावर खेळाडूंनी तासभर वाद घातला आणि नदी धरली. वाटेत छापा पडला. पत्रलेखक चहा आणायला खाली गेले, तेवढ्यात आतेभावानं उघडी पडलेली वही वाचली. वहीत लिहिलं होतं: “घाटानं आले किंवा नदीनं आले तरी छापा.” तो एवढंच म्हणाला, “मग तासभर आम्ही कशाला घसा कोरडा केला लगा?” आणि उठून गेला. चार रविवार आलेला नाही. घरातल्या एका साखरपुड्यात समोर येऊनही बोलला नाही. बाकीचे येतात, पण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. मधे एकदा पत्रलेखकांनी काहीच न ठरवता खेळ मोकळा सोडून पाहिला, तर चार तास सगळे बाजारात तलवारीचे भाव करत बसले. त्यांचं म्हणणं, “मी रात्र रात्र जागून लिहितो, यांना त्याची किंमत नाही. कथा सोडून देऊ, दुसरे खेळाडू शोधू, की खेळच बंद करू?”

नमस्कार,

जत्रेतल्या नाटकाची एक गोष्ट आपल्याकडं सांगतात. खरी किती आणि जोडलेली किती, देव जाणे. सीतास्वयंवराचा खेळ होता. रावणाचं काम करणाऱ्याचं मंडळीच्या मालकाशी पैशावरून वाजलेलं. आता प्रसंग असा की रावण ऐटीत येतो, धनुष्य उचलायला जातो आणि ते त्याच्याच छातीवर पडून त्याची फजिती होते. या गड्यानं काय केलं, तर धनुष्य उचललं, मांडीवर घेतलं आणि कडाड करून दोन तुकडे केले. “जनका, आण तुझी सीता!” पब्लिक उभंच राहिलं. पण जनक मुरलेला नट होता. तो शांतपणे नोकरावर ओरडला, “अरे, हे पोरांच्या खेळण्यातलं धनुष्य कुणी आणून ठेवलं इथं? शिवधनुष्य आण!” पडदा पडला, रावण बदलला, खेळ पुढं सुरू.

ही गोष्ट आपण जनकाच्या हजरजबाबीपणासाठी सांगतो आणि हसतो. तुमचं पत्र वाचल्यापासून मात्र मला त्या रावणाचं वाईट वाटायला लागलंय.

जनकाचं चुकलं असं नाही. समोर गावभर लोक रामानं धनुष्य मोडलेलं बघायला बसले होते. पण तुमच्या माडीवर प्रेक्षक कोण आहे? तिथं आहेत ते सगळे नटच. दोर कापला, वीस पडले, काळोजी बुडाला. धनुष्य मोडलं. आणि तुम्ही दोन रविवारांनी दुसरं धनुष्य मागवलंत.

तुम्ही सांगलीचे, म्हणून एक आठवण करून द्यायचा मोह होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं सांगलीत जो पहिला खेळ केला, तो सीतास्वयंवराचाच. आणि त्या नाटकांत लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदं गायचा, पदांतून कथा पुढं न्यायचा, पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी सुचतील तशी करायची. आधी लिहून पाठ केलेल्या संवादांची नाटकं १८६० नंतर रुळली आणि लोक त्यांना ‘बुकिश’ नाटकं म्हणायला लागले. तमाशातल्या वगाचीही तीच रीत. तुमच्या शेजारच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, सोंगाड्या आज काय बोलणार हे समोर बसलेल्या माणसांवर किती अवलंबून असायचं. सांगायचा मुद्दा, लिहिलेलं किती आणि सुचेल ते किती हा वाद आपल्याकडं अमेरिकेतून पार्सल आलेला नाही.

पण ही तुलना एका जागी अडते, आणि तुमचा घोटाळा नेमका तिथंच झाला आहे. भाव्यांच्या खेळात बोलणं मोकळं होतं, पण निकाल ठरलेला होता. राम धनुष्य मोडणार हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक होतं आणि तरीही तो रात्रभर जागायचा. तुमच्या खेळात फासा आहे. फासा टाकायला सांगितलंत त्या क्षणी तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केलंत की निकाल अजून लागलेला नाही. वीस पडल्यावर तो बदलता येत नाही. काळोजी मरायलाच नको होता, तर दोर कापायच्या वेळी फासाच टाकायचा नव्हता. “धार इतकी आहे की दोरापर्यंत हात पोचत नाही,” असं म्हणायचं होतं. ते खेळाडूंना फार आवडलं नसतं, पण चाललं असतं. फासा टाकून त्याचं न ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. घरात मत विचारतात आणि मग आपलंच करतात, तसं.

हा खेळ जन्मला कसा, ते तुम्हाला माहीत असेल, तरी इतर वाचकांसाठी सांगते, कारण तुमच्या दुखण्याचं मूळ त्यात आहे. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्ह वेस्ली नावाच्या तरुणानं नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक गाव, दोन्हीकडून फौजा येताहेत. त्यानं एक गंमत केली. फौजांच्या जोडीला गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली: कुणी नगराध्यक्ष, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. त्याचा बेत असा की आधी गावात थोडी हालचाल होईल, मग लढाई. लढाई बाजूलाच राहिली. माणसं कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आपसांत खलबतं करायला लागली. दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, ज्याचा एकही नियम त्यानं केलेला नव्हता. वेस्ली घरी गेला तो खेळ फसला असं समजून. खेळाडू मात्र पुढचा कधी म्हणून मागं लागले. त्या टोळक्यात डेव्ह आर्नेसन होता. त्यानं हीच रीत पुढं नेऊन ब्लॅकमूर नावाचं आपलं जग उभं केलं, आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणलं.

म्हणजे या खेळाच्या मुळाशीच एक फसलेला बेत आहे. तुमच्या खोलीत त्या दिवशी दोर कापला गेला तेव्हा वेस्लीच्या खोलीत झालं तेच झालं. तो गोंधळला, पण त्यानं द्वंद्व रद्द केलं नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर तुमच्यावर अन्याय होईल. ठरलेली कथा म्हणजे पाप, असं या खेळातले बरेच जाणकार म्हणतात आणि त्याला ‘रेलरोडिंग’ म्हणून नाकं मुरडतात. गाडी रुळावरून जाणार, तुम्ही खिडकीतून बघा. मला हे नाक मुरडणं पटत नाही. १९८४ साली ‘ड्रॅगनलान्स’ ही साहसमालिका निघाली, तीत नायक तयार होते, घटनांचा क्रमही बराचसा ठरलेला होता. एवढंच नाही, महत्त्वाचं पात्र मेलंच तर त्याचं मरण असं संदिग्ध ठेवा की नंतर परत आणता येईल, असा सल्ला डीएमला छापून दिला होता. तुमच्या कोळ्यांचे पूर्वज! त्यावर टीका झाली आणि अजून होते. पण ती मालिका लोकांनी भरभरून खेळली. कारण कितीतरी माणसांना रविवारी दुपारी मोठी, घडवलेली कथा जगायची असते, तिचा रस्ता आपणच खणायचा असा हट्ट नसतो. आठवडाभर ऑफिसात निर्णय घेऊन दमलेला माणूस म्हणतो, तू सांग, मी लढतो. यात कमीपणा काय आहे?

त्यामुळं तुमच्या ‘कथा की मोकळीक’ या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. ते तुमच्या मंडळींना विचारायचं आहे, आणि तुम्ही ते सव्वा वर्षात एकदाही विचारलेलं दिसत नाही. विचारताना “मजा येते ना?” असं विचारू नका. मजा येते असंच म्हणतात लोक, चहा तुमच्या घरचा असतो. गेल्या वर्षभरातला कुठला रविवार आठवतो, ते विचारा. मी पैज लावते, निम्मे जण दोर कापल्याचा सांगतील.

माझंही एक सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात साताऱ्याला बहिणीकडं गेले होते. भाचरांना घेऊन तीन दुपारींचा खेळ मांडला. पहिल्या दुपारी नदीच्या उतारावर राक्षस, त्याच्याशी झुंज, मग पुढची वाट. मी राक्षसाची ताकद, गदा, सगळं आखून ठेवलेलं. सगळ्यात धाकटी, वय नऊ, तिनं विचारलं, “मावशी, त्याला कंदी पेढे आवडतात का?” पोरांच्या पोतडीत पेढे होते, मीच गंमत म्हणून दिलेले. आणि मी काय म्हणावं? “राक्षस गोड खात नाहीत.” झुंज झाली, पोरं जिंकली, वाट मोकळी झाली. पण त्या पोरीनं उरलेल्या दोन दुपारी तोंडातून शब्द काढला नाही, फासा हातात दिला की टाकायची, एवढंच. मला वाटलं कंटाळली. रात्री बहिणीनं सांगितलं, ती म्हणत होती, मावशीला आधीच ठरलेलं हवं असतं, मग विचारते कशाला. नऊ वर्षांची पोर आणि तुमचा आतेभाऊ, दोघांची तक्रार शब्दाला शब्द तीच आहे.

तक्रार नीट ऐका. छापा पडला म्हणून तो गेलेला नाही. तो गेला त्या एका तासासाठी. घाट की नदी, कुणाला पुढं पाठवायचं, घोड्यांचं काय करायचं, हा तास म्हणजेच त्यांचा खेळ होता. तुमच्या दृष्टीनं तो छाप्याच्या आधीचा वेळ होता. काही अनुभवी डीएम म्हणतील, खेळाडूंना कळलं नसतं तर काय बिघडलं असतं? एकच छापा तयार ठेवून तो ते जातील तिथं मांडायचा, श्रम वाचतात, त्यांनाही पत्ता लागत नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही, मीही कधीकधी तसं केलंय. पण वही कधीतरी उघडी राहतेच. आणि वही उघडी पडायच्या आधीही माणसाला अंदाज येतो. तुमची बाकीची मंडळी मोबाइलमध्ये शिरली ती काही वही वाचून नाही. काळोजी परत आला त्या दिवशीच शिरायला लागली असतील, आठवून बघा.

बंद वाट दाखवण्यात काही गैर नाही. “माझी तयारी किल्ल्याची झालीय, आज तिकडंच जाऊ,” असं रविवारी सुरुवातीलाच सांगितलंत तर कुणीही समजूतदार माणूस “चला” म्हणतो. बंद वाट उघडी आहे म्हणून सांगणं, तिथं बिघडतं.

तुमचं एक वाक्य मला टोचलं, तेही बोलून टाकते: “यांना किंमत नाही.” रात्र रात्र जागून तुम्ही काय लिहिलंत? सात किल्ले, त्यांचे किल्लेदार, घाटातल्या वाटा, राणीचा इतिहास. यातलं काहीही त्यांनी नाकारलेलं नाही. घाटानं जावं की नदीनं, यावर तासभर भांडायला तो घाट आणि ती नदी डोळ्यांपुढं उभी राहावी लागते. ती तुम्ही उभी केलीत. त्यांनी नाकारलं ते एकच: आपण काय करणार हे तुम्ही आधी लिहून ठेवलेलं. ९० पानं काढा, लाल पेन घ्या आणि ज्या ज्या वाक्याचा कर्ता तुमचे खेळाडू आहेत ती वाक्यं खोडा. ‘नायक किल्ल्यात शिरतात’, ‘नायकांना राणीचं पत्र सापडतं’, असली सगळी. माझा अंदाज आहे, वीसेक पानं जातील. उरलेली सत्तर सोन्याची आहेत.

मग तो बाजारातला रविवार का फसला? मोकळीक दिली म्हणून फसला असं तुम्ही धरून चाललाय. मला दिसतं ते वेगळं. त्या दिवशी तुम्ही खेळाडूंना ठरलेलं काही दिलं नाहीत, आणि काळोजीलाही काही दिलं नाहीत. तो बसून राहिला. राज्यात काहीच होत नसेल तर माणसं भावच करत बसणार.

सांगलीकराला हे सांगायला पुरासारखं उदाहरण नाही. कोयनेतून विसर्ग वाढला, वर पाऊस लागून राहिला की कृष्णा चढते. आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. तुम्ही काहीही करा, ते पाणी यायचं तर येतं. पण त्या दोन आकड्यांच्या मधल्या वेळात कोण काय करतं? कुणी जनावरं हलवतो, कुणी माडीवर सामान चढवतो, कुणी “आमच्या उंबऱ्याला कधी लागलं नाही” म्हणून बसून राहतो, आणि एखादा होडी घेऊन दुसऱ्यांची म्हातारी माणसं काढायला जातो. पाण्याचं वेळापत्रक पाण्याचं, माणसांची गोष्ट माणसांची. तुम्ही पाणी लिहा.

म्हणजे असं. वहीच्या एका पानावर काळोजीच्या बाजूला नेमकं काय हवंय ते लिहा, आणि आपल्या मंडळींनी बोटही हलवलं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत काय काय होईल ते तारखेवार मांडा. अष्टमीला घाटातली चौकी जाईल. एकादशीला धान्याचे भाव चढतील, कारण नाके त्यांच्या हातात. पौर्णिमेला राणीला दुसऱ्या गडावर हलवतील. मग रविवारी मंडळी बाजारात तलवारीचा भाव करत असताना चौकीवरून पळून आलेला जखमी हवालदार तिथंच येऊन पडू दे. त्याचं काय करायचं ते त्यांचं ते बघतील. त्यांनी पौर्णिमेआधी काही केलं तर खालचा तक्ता खोडून नवा करायचा. यात रात्र जागावी लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि सत्र संपताना, चपला घालायच्या आधी, एक प्रश्न: “पुढच्या रविवारी कुठं जाणार?” ते सांगतील तेवढीच तयारी करायची. हे मी सगळ्या डीएमना सांगते आणि फार थोडे ऐकतात. सहा महिने पुढचं लिहिणाऱ्या डीएमला आपलं लिहिलेलं वाचवायचा मोह होतोच. आठवड्यापुरतं लिहिणाऱ्याकडं वाचवायला फारसं काही नसतं.

घाट आणि नदी दोन्ही खऱ्या ठेवायला फार लागलं नसतं. घाटानं तीन दिवस जास्त, पण कुणाची नजर पडत नाही. नदीनं एका रात्रीत, पण नावाडी पैसे घेऊन बोलतात. छापा एकच तयार असेल तर असू दे. नदीनं आले तर तो अंगावर येईल, घाटानं आले तर वरून त्यांना छापेकऱ्यांची शेकोटी आधी दिसेल. तासभराच्या वादाला मग काहीतरी फळ आलं असतं.

फासे उघड्यावर टाका, पडद्याआड नको. टाकायच्या आधी काय पणाला आहे ते बोलून दाखवा: “जमलं तर नाव गेली, नाही जमलं तर तू पाण्यात.” एकदा बोललात की तुम्हीही बांधले गेलात, आणि तुमच्यासारख्याला ते बांधलेलं बरं. दुसऱ्या खेळाडूंचा विचार मात्र सोडा. नव्यांनाही पहिल्या सत्रात हेच प्रश्न विचारावे लागतील, आणि सांगलीत सव्वा वर्ष दर रविवारी वेळेवर येणारी माणसं कुठून आणणार आहात?

आता आतेभाऊ. पत्रात त्याला तुम्ही दोन ओळी दिल्यात, पण साखरपुड्याचा उल्लेख केलात त्यावरून तुमची झोप कशानं गेलीय ते कळतं. त्याच्याकडं आधी एकटे जा. ग्रुपवर मेसेज नको. हरिपूरच्या संगमावर न्या, भडंगाची पुडी घ्या, आणि पहिलं वाक्य असं असू दे: “तू काळोजीला मारला होतास. मी त्याला परत आणायला नको होता.” माझी मेहनत, माझी कथा, हे त्या दिवशी अजिबात काढू नका. तो म्हणेल, “सोड रे, खेळ आहे.” सोडू नका. त्याला खेळ एवढाच वाटत असता तर तो साखरपुड्यात बोलला असता.

राहिला काळोजी. तो तर आता जिवंत फिरतोय, त्याचं करायचं काय? माझ्या डोक्यात एक आहे, पण ते गुपचूप वापरू नका, नाहीतर तिसरं धनुष्य व्हायचं. सगळ्यांना एकत्र बसवून आधी कबुली द्या आणि मग हे पर्याय म्हणून पुढं ठेवा. नको म्हणाले तर दुसरं काही त्यांनाच सुचवू दे.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता. पेशवाईला त्यानं घाम फोडला, त्याला खरा मानणारे निघाले, आणि १७७६ साली त्याला मारलं तेव्हा कुठं ते प्रकरण मिटलं. तुमचा खरा काळोजी पुरात गेला. वीस पडले होते, तो गेलाच. मग परत आला तो कोण? तुमच्या कथेत त्याचा एक धाकटा भाऊ दोन ओळींत येऊन जातो असं तुम्ही लिहिलंय. भावाच्या नावावरच ज्याची सत्ता उभी आहे, त्याला भाऊ मेल्याचं परवडतं का? त्यानं उभा केला असेल एखादा तोतया.

हे जमलं तर तोतया ओळखायच्या वाटा मात्र एकाहून जास्त ठेवा. एकच खूण ठेवली आणि ती मंडळींच्या नजरेतून सुटली, की तुम्ही पुन्हा त्यांना हाताला धरून तिथं न्यायला लागणार. निदान तीन तरी हव्यात. घोडा त्याला अंगाला हात लावू देत नाही. म्हातारी आई त्याच्यासमोर येत नाही, आजारी असल्याचं सांगते. आणि खरा काळोजी डावखुरा होता, हे तुमच्या सत्तर पानांत कुठंतरी असेलच. नसेल तर आजच लिहून ठेवा, पण मंडळींना आधी कळू द्या आणि मगच वापरा.

आतेभाऊ परत येऊन बसला, तर तोतया पहिल्यांदा समोर येईल तेव्हा तो त्याच्या पात्राच्या समोर येऊ दे. दोर त्यानं कापला होता, बुडताना काळोजीचा चेहरा जवळून पाहिलेला तोच एक आहे.